खाट आणि वाट

शस्त्रक्रियेचा इतिहास आपण बहुधा शस्त्र धरणाऱ्या हाताचा इतिहास म्हणून वाचतो. कोणी प्रथम पोट उघडले, कोणी प्रथम गुंगीचे औषध हुंगविले, कोणी हृदयाला हात घातला, यांच्या सनावळ्या कोणत्याही वैद्यकाच्या ग्रंथात सापडतात. परंतु शस्त्रक्रिया घटका-दोन घटकांत आटोपते आणि बरे होणे आठवडेच्या आठवडे चालते. त्या आठवड्यांत रोगी कोणत्या खोलीत होता, त्याची खाट कोणत्या भिंतीशी होती, रात्री त्याला पाणी कोणी दिले, पहिल्यांदा उठून उभा राहिला तेव्हा त्याने कशाचा आधार घेतला, असे विचारू लागले की ग्रंथ गप्प होतात. या गप्प राहिलेल्या भागाचा थोडा मागोवा घ्यावा, असे माझ्या मनात बरेच दिवस होते. साधने तुटपुंजी आहेत. पण आहेत ती बोलकी आहेत. ती एका ओळीत मांडली म्हणजे एक मोठा पालट स्पष्ट दिसतो. शेकडो वर्षे शस्त्रक्रियेनंतरची घराची तयारी म्हणजे खाटेची तयारी होती. गेल्या ऐंशी वर्षांत ती वाटेची तयारी झाली. आमच्या घरांनी हा पालट अजून पुरता ओळखलेला नाही, आणि त्याची किंमत घरातील एका विशिष्ट माणसाला मोजावी लागते. ते माणूस कोण, ते पुढे येईलच.

आरंभ आपल्या जुन्या ग्रंथापासूनच करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील एकोणिसाव्या अध्यायाचे नाव ‘व्रणितोपासनीय’ असे आहे. व्रणित म्हणजे ज्याच्या अंगावर जखम आहे तो. त्याची उपासना कशी करावी, हा अध्यायाचा विषय. ‘उपासना’ हा शब्द आपण देवापुरता राखून ठेवला आहे. पण त्याचा मूळ अर्थ जवळ बसणे एवढाच. या अध्यायातली पहिली आज्ञा औषधाची नाही, लेपाची नाही. ती घराची आहे. व्रणितासाठी सर्वांत आधी घर पाहावे, असे तेथे सांगितले आहे. ते चांगल्या वास्तूचे, स्वच्छ आणि ऊन-वाऱ्याच्या माऱ्यापासून दूर असावे. मग खाटेची पाळी येते. खाट ऐसपैस असावी, नीट अंथरलेली असावी, मनाला प्रसन्न वाटावी, उशी पूर्वेकडे असावी आणि जवळ शस्त्र ठेवलेले असावे. पूर्वेकडे डोके कशासाठी, तर त्या दिशेला देवांचा वास. शस्त्र निशाचरांना दूर ठेवण्यासाठी. खाट ऐसपैस मात्र एवढ्याचसाठी, की रोग्याला हातपाय सुखाने हलविता यावेत. श्रद्धा आणि अनुभव एकाच खाटेवर असे शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

पुढचा तपशील तर घरच्या माणसानेच लिहिल्यासारखा आहे. रोग्याजवळ गोड बोलणारे, धीर देणारे मित्र असावेत. त्यांनी गोष्टी सांगून त्याच्या वेदनांचा विसर पाडावा. दिवसा त्याला झोपू देऊ नये. दिवसाच्या झोपेने जखमेला खाज, सूज, ठणका आणि स्राव होतो. नखे आणि केस कापलेले असावेत, वस्त्रे पांढरी आणि स्वच्छ असावीत. मोहरी, कडुलिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दहा दिवस, दिवसातून दोनदा, आळस न करता द्यावी. आहारात जुना तांदूळ, तांदुळजा, चाकवत, कोवळा मुळा, पडवळ, कारले, मुगाचे कढण, डाळिंब, आवळा. वर्ज्य काय, तर नवे धान्य, उडीद, तीळ, कुळीथ. या धुरीत जंतुनाशक गुण किती आणि पथ्यात तथ्य किती, याचा निवाडा करणे माझे काम नाही. मला त्यात दिसते ते असे की, कोणीतरी घरात बसून, रोज पाहून, हे टिपून ठेवले आहे. ‘आळस न करता’ हे बजावणे पुस्तकी माणसाला सुचत नाही. चौथ्या दिवशी धुरी द्यायला कंटाळलेला घरचा माणूस ज्याने पाहिला असेल, त्यालाच ते सुचते. मराठी घरात या सगळ्याची ओळख पोथीवाचून पटते. बाळंतिणीची खोली आठवावी: निवाऱ्याची जागा, बाज, शेक-शेगडी, ओव्याची धुरी, ठरावीक पथ्य आणि उशाशी बसलेली एखादी वडीलधारी बाई.

तथापि एका बाबतीत हा अध्याय निःसंदिग्ध आहे. उठता-बसता, कूस बदलता, चालता, मोठ्याने बोलता जखम जपावी, एवढेच सांगून तो थांबत नाही. फार उभे राहणे, फार बसणे, हिंडणे, वाहनातून जाणे हे अंगात शक्ती असली तरीही करू नये, असे त्याचे सांगणे आहे. घर खाटेभोवती लावायचे आणि रोग्याने त्या खाटेवर राहायचे, हा दंडक येथे घातला गेला. जगात इतरत्रही तो तसाच होता.

आता थेट पुण्याजवळ येऊ. १७९४ सालच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एक पत्र छापून आले. त्याने पुढे युरोपातील शस्त्रवैद्यांना नवी दृष्टी दिली. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कसबी माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसविले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप कसे घेतले, काथाच्या लेपाने कातडी कशी चिकटविली, चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या चिंध्या कशा ठेवल्या, हे सारे पत्रात आहे. रोग्याला पाच-सहा दिवस उताणे निजवून ठेवतात आणि दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालतात, हेही आहे. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली.

हे पत्र मी जेव्हा वाचतो तेव्हा त्या पाच-सहा दिवसांपाशी अडखळतो. माणूस उताणा पडलेला आहे, नाकावर आणि कपाळावर ओली जखम आहे, आणि त्याला हात एकच आहे. मान न वळविता त्याला घोटभर पाणी कोणी पाजले? माशा कोणी वारल्या? शरीरधर्मांची सोय कोणी केली? कोणीतरी केलीच असली पाहिजे. एरवी नाक टिकते ना. पत्रात त्या माणसाला एक ओळही मिळालेली नाही. कारागिराचे नावही त्यात नाही, परंतु निदान त्याचे कसब तरी आहे. सेवा करणाऱ्याचे तेवढेही उरले नाही.

लंडनमध्ये याआधी सव्वाशेच्या वर वर्षांपूर्वी एक रोगी मात्र असा निघाला, की ज्याने ही नोंद ठेवली. सॅम्युएल पीप्स हे नाव रोजनिशीमुळे अजरामर झाले आहे. २६ मार्च १६५८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याचा मूतखडा कापून काढला. गुंगीचे औषध तेव्हा नव्हते. रोग्याला बांधून ठेवीत आणि कापीत. ही शस्त्रक्रिया रुग्णालयात झाली नाही. ती सॉल्सबरी कोर्ट भागात, जेन टर्नर या त्याच्या नात्यातल्या बाईंच्या घरी झाली. खडा चेंडूएवढा होता असे त्याचा समकालीन ईव्हलिन लिहितो. पीप्स वाचला. खड्यासाठी त्याने डबी करविली, ती लोकांना दाखविली. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याची दुसरी गोष्ट. जिवंत असेपर्यंत दर वर्षी २६ मार्चला मेजवानी करायची आणि तिला टर्नरबाईंना बोलवायचे, असा संकल्प त्याने केला आणि रोजनिशीत लिहून ठेवला. आपण सुरीने वाचलो तसे एका घराने वाचलो, हे त्याला कळले होते. जिने आपल्या घरातली खोली दिली, किंकाळ्या ऐकल्या, पुढचे कित्येक दिवस रोगी सांभाळला, तिला मान द्यावा असे त्या तरुण कारकुनाला वाटले. इतिहासात ही कृतज्ञता दुर्मिळ आहे.

रोग्याने स्वतःच खोली तयार करण्याचा प्रसंग त्याहून विलक्षण. फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकार पॅरिसमध्ये राहत असता तिच्या स्तनाची शस्त्रक्रिया ठरली. ३० सप्टेंबर १८११ रोजी, तिच्या राहत्या घरी, नेपोलियनच्या फौजेचा नामांकित शस्त्रवैद्य लारे याने ती केली. त्याच दिवशी सकाळी तिला वर्दी मिळाली. नवऱ्याला कामावर अडकवून ठेवण्याची आणि मुलाला दूर ठेवण्याची तजवीज तिने केली. दिवाणखान्यात जाऊन पाहिले, तो पट्ट्या, घड्या, स्पंज आणि कापूस-चिंध्या मांडून ठेवलेल्या. काळे कपडे घातलेले सात पुरुष आत आले. जुन्या गाद्या आणि जुनी चादर आणा, असे फर्मान सुटले. शुद्धीवर असताना, थोड्याशा औषधी मद्यावर तिने ती शस्त्रक्रिया सोसली आणि पुढे १८४० पर्यंत जगली. बहिणीला या प्रसंगाचे पत्र लिहायला तिला कित्येक महिने लागले. त्या पत्रातली जुनी चादर मला विसरता येत नाही. आपले रक्त ज्या चादरीवर सांडणार आहे ती जुनीच असावी, नवी खराब होऊ नये, हा हिशेब त्या क्षणीही घराच्या मालकिणीपाशी येऊन थांबला.

हा सारा विखुरलेला अनुभव शास्त्राच्या पातळीवर नेण्याचे श्रेय फ्लॉरेन्स नाइटिंगेलकडे जाते. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर तिने लिहिलेले ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटे पुस्तक १८५९ च्या अखेरीस तयार झाले. ते परिचारिकांसाठी लिहिलेले नाही. घरातल्या बायांसाठी लिहिलेले आहे. प्रत्येक बाईला आयुष्यात केव्हा ना केव्हा कोणाची तरी शुश्रूषा करावीच लागते, हे तिचे प्रास्ताविक. रोग्याच्या खोलीत पहिला मान हवेला, दुसरा उजेडाला. खाट खोलीतल्या सर्वांत उजळ जागी आणि खिडकीतून बाहेरचे दिसेल अशी असावी. ती भिंतीला चिकटवू नये. दोन्ही बाजूंनी हात पोहोचला पाहिजे. ती फार उंच असू नये. उंच खाटेवरून रोग्याला उतरता-चढता येत नाही. खोलीत कुजबुजणे हे मोठ्या आवाजापेक्षा वाईट, कारण रोगी कान टवकारून ताणला जातो. आणि समाचाराला येऊन ‘काही नाही, लवकर बरे व्हाल’ असे सांगणाऱ्यांचा तर तिने चांगलाच समाचार घेतला आहे. सुश्रुताच्या अध्यायातील गोष्टी सांगणारा मित्र आणि नाइटिंगेलबाईंना नकोसा झालेला पोकळ धीर देणारा पाहुणा, या दोघांत जो फरक आहे तो आपणा सर्वांना अनुभवाने ठाऊक आहे. पहिला रोग्याला आजारातून बाहेर नेतो, दुसरा आपल्या आजारांच्या हकिगती सांगत बसतो.

खाटेचे शास्त्र येथे पूर्णत्वाला गेले. आता काळ वेगाने पालटत होता. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरची गुंगी जाहीरपणे दाखविली गेली. १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखमा निर्जंतुक ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी पुण्यात ससून रुग्णालय सुरू झाले. शस्त्रक्रिया हळूहळू घरातून उठली आणि रुग्णालयात गेली. खाट मात्र तिच्याबरोबर तशीच गेली. पोट उघडले की दोन-दोन, तीन-तीन आठवडे रोग्याने पाठ टेकूनच राहायचे, हा नियम नव्या इमारतींत अधिकच कडक झाला.

आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच काळातले. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असता त्यांचे आंत्रपुच्छ सुजले. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले, हा भाग सर्वांना ठाऊक असतो. पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली, तरी ते रुग्णालयातच होते. मार्च उजाडल्यावर ते विश्रांतीसाठी मुंबईजवळ जुहूला गेले. शेठ नरोत्तम मोरारजी यांचा बंगला त्यांच्यासाठी मोकळा करण्यात आला होता. जुहू तेव्हा गावाबाहेरची वाळू होती. समोर समुद्र, मोकळी हवा, फिरायला सपाट किनारा. नाइटिंगेलबाईंनीही पसंत केले असते असे घर. उणीव एकच होती, ती शांततेची. मोतीलाल नेहरू आले, चित्तरंजन दास आले. कौन्सिलप्रवेशाचा वाद किनाऱ्यावर चालू झाला. एप्रिलमध्ये गांधीजींनी आपली साप्ताहिके पुन्हा हाती घेतली. हवा, पाणी, खाट, जेवण यांची व्यवस्था पैशाने आणि प्रेमाने होते. भेटायला येणाऱ्यांना दारातून परत पाठविण्याची व्यवस्था महात्म्याच्या घरीही झाली नाही. मग आपल्या घरी ती होत नाही याचे नवल कशाला?

खाटेवरचा विश्वास डळमळू लागला तो याच सुमारास, आणि तो डळमळविणारे पुरावे जुनेच होते. पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकते आणि माणूस दगावतो, हे जर्मन शास्त्रज्ञ फिर्खोव याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच दाखवून दिले होते. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात आणि रक्त वर ढकलतात. माणूस आडवा राहिला की तो पंप बंद पडतो, रक्त मंद होते, गुठळी होण्याचा धोका वाढतो. फुप्फुसांचा तळ नीट फुगत नाही, तेथे कफ साचतो. स्नायू झडतात, आतडी सुस्तावतात, पाठीला फोड येतात. ज्या विश्रांतीने रोगी बरा व्हायचा, तीच त्याला नवा आजार देत होती. १८९९ साली शिकागोच्या एमिल रीस याने शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच रोग्यांना उठविल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील डॅनियल लाइथाउझर याने हाच आग्रह धरला. दुसऱ्या महायुद्धात खाटा अपुऱ्या पडल्या, परिचारिका अपुऱ्या पडल्या, जखमी सैनिकांना लवकर उठवावे लागले. आणि लवकर उठलेले लवकर बरे होतात असे दिसून आले. १९४७ साली रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला आणि जुन्या खाटेची रीतसर उलटतपासणी केली.

तेव्हापासून वारे फिरले ते फिरलेच. मोतीबिंदूच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रोग्याला निश्चल ठेवीत. आज तो काही तासांत डोळ्याला झाकण लावून आपल्या पायांनी घरी जातो. १९९० नंतर कोपनहेगनच्या हेन्रिक केलेट यांनी वेदनाशमन, लवकर खाणे आणि लवकर चालणे यांची शिस्तशीर सांगड घातली. मोठ्या शस्त्रक्रियांचे रोगीही काही दिवसांत घरी जाऊ लागले. गुडघा बदललेल्या माणसाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. रुग्णालयातले आठवडे गेले. ते नाहीसे झाले असे मात्र नव्हे. ते घराकडे वळते झाले. पीप्सच्या काळी घर जे काम करीत होते, ते मधल्या शंभरएक वर्षांच्या सुट्टीनंतर पुन्हा घराच्या अंगावर आले आहे.

आता प्रश्न असा की, आमचे घर त्याला तयार आहे काय? शस्त्रक्रियेची तारीख ठरली की आजही आमच्याकडे पहिली धावपळ होते ती खाटेचीच. गादी उन्हात टाकतात, नवी चादर काढतात, उशाशी स्टूल मांडतात. हे चुकीचे नाही; अपुरे आहे. खरी पाहणी करावयाची ती खाटेपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेची. ती वाट रोग्याने दिवसातून दहा वेळा, रात्रीतून दोनदा, आणि अंगात त्राण नसताना चालायची असते. आमचा उंबरा लक्ष्मीचा म्हणून पूज्य. त्याच्यावर रांगोळीची बोटे ओढलेली असतात. पण वॉकर धरून चालणाऱ्या माणसाला तो दोन इंचांचा डोंगर आहे. जुन्या वाड्यातल्या उंच पायऱ्या, चाळीतल्या गॅलरीच्या टोकाचा संडास, नव्या सदनिकेतली गुळगुळीत फरशी आणि न्हाणीघरातले कायमचे ओल. प्रत्येक पिढीच्या घराने आपापला अडसर निर्माण करून ठेवला आहे.

म्हणून रोगी रुग्णालयात जाण्यापूर्वीच, तो आपल्या पायांवर धड असताना, त्याला बरोबर घेऊन ही वाट एकदा चालून पाहावी. वॉकर लागणार असेल तर त्याची रुंदी दारांतून मोजून घ्यावी. सतरंज्या, पायपुसणी, विजेच्या लोंबत्या तारा उचलाव्यात. रात्रभर एक मंद दिवा वाटेवर जळता ठेवावा. संडासात आणि न्हाणीघरात भिंतीत घट्ट बसविलेली दांडी असावी. टॉवेलची दांडी आधाराच्या कामाची नव्हे. बैठे शौचकूप असेल तर वर ठेवण्याच्या खुर्चीची आधीच सोय करावी. गुडघ्या-खुब्याच्या रोग्याला पाट आणि भारतीय बैठक सोडावी लागते. त्याला हात असलेली, पक्की, पुरेशी उंच खुर्ची लागते. नेहमीची औषधे, पाणी, चष्मा, टेलिफोन हे कमरेच्या उंचीवर, हात पोहोचेल तेथे असावे, म्हणजे वाकणे नको आणि चढणे नको. जिना असला तर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे घरातल्या सर्वांना पाठ असावे. कोणत्या शस्त्रक्रियेला काय वर्ज्य, हे ज्याचे त्याचे डॉक्टर सांगतातच: पोटाला वजन उचलणे, डोळ्याला पाणी आणि चोळणे, खुब्याला खोल वाकणे. ते कागदावर लिहून भिंतीला लावावे. यातले काहीही महाग नाही.

परंतु वाटेची ही सारी तयारी केली तरी एक वाट उरते, आणि ती सर्वांत धोक्याची आहे. ती वाट स्वयंपाकघराची. माझ्या पाहण्यातल्या एका घरी गृहिणीच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते; ती चालू लागली. ती चालते हे पाहून घराला हायसे वाटले, आणि चौथ्या दिवशी कोणी काही न म्हणता ती ओट्याशी उभी होती. आठवडाभरात पाण्याचे पातेले तीच उचलीत होती. कोणी तिला जुंपले नव्हते. कोणी दुसरी व्यवस्थाही केली नव्हती. त्याच घरातल्या पुरुषाची तशीच शस्त्रक्रिया वर्षभरापूर्वी झाली होती. त्यालाही चालायला सांगितले होते. तो अंगणात फेऱ्या मारी आणि परत येऊन पांघरूण घेई.

म्हणजे नव्या शास्त्राचे एकच वाक्य एकाच घरात दोन अर्थांनी ऐकले गेले. पुरुषाला चालणे हे औषध म्हणून मिळाले, बाईला ते कामावर रुजू होण्याची चिठ्ठी म्हणून मिळाले. चालणे आणि ओझे उचलणे यांत शरीराच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. चालण्याने रक्त फिरते. भरलेले पातेले उचलताना पोटातला दाब वाढतो आणि आतून अजून कच्च्या असलेल्या शिवणीवर ताण येतो. वरची कातडी दहा-बारा दिवसांत जुळलेली दिसते, आतले थर पक्के व्हायला कित्येक आठवडे लागतात. जुन्या खाटेचे दोष कितीही असोत, तिचा एक गुण होता: बाईला खाटेवर राहण्याची आज्ञा असली की घराला दुसरी सोय करणे भाग पडे. सासू, बहीण, माहेरची कोणी तरी येई. बाळंतिणीला चाळीस दिवस मिळत ते त्या आज्ञेच्या बळावर. खाट गेली आणि तिच्याबरोबर बाईचे ते संरक्षणही गेले. शास्त्राने चूक केली नाही. घराने सोयीचे तेवढे ऐकले.

सुश्रुतसंहितेतील ‘अंगात शक्ती असली तरीही’ हे शब्द मला येथे नव्या अर्थाने आठवतात. चालण्याविषयी त्या अध्यायाचे म्हणणे आज मागे पडले. ते पडायलाच हवे होते. पण शक्ती दिसते म्हणून ती लगेच कामाला लावू नये, ही त्यातली समज कायम आहे. रोगी उठून उभा राहिला हा त्याच्या बरे होण्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे. हे घरातल्या माणसांनी आधीच आपसात बोलून ठेवावे लागते. चूल कोण पेटविणार, पाणी कोण भरणार, पहिले तीन-चार आठवडे डबा कोठून येणार, मुलांचे कोण पाहणार, समाचाराला येणाऱ्यांना चहा कोण देणार किंवा चहा न देता कोण निरोप देणार, याची वाटणी नावानिशी व्हावी. दांडी भिंतीत बसविण्याइतकीच ती महत्त्वाची आहे. आणि जिच्यावर शस्त्रक्रिया व्हायची आहे, तिच्या नावावर त्या यादीत एकही काम नसावे.

कावसजीला पाणी पाजणाऱ्याचे नाव आपल्याला आता कधीच कळणार नाही. टर्नरबाईंचे कळले, कारण एका रोग्याने ते लिहून ठेवले आणि वर्षातला एक दिवस तिच्यासाठी राखला. आपल्या घरांतून असे दिवस राखण्याची रीत नाही. निदान शुश्रूषा करणारीवर कधी शस्त्रक्रियेची पाळी आली, तर तिला ऐसपैस खाट आणि मोकळी वाट, या दोन्ही गोष्टी मिळाव्यात, एवढे तरी आपल्या हातचे आहे.